ताप उतरल्यावर

आमच्या किचनच्या माळ्यावर एक स्टीलचा डबा जवळजवळ वर्षभर पडून होता. तीन पुडांचा, बाजूला क्लिप, झाकणावर भांडीवाल्याने मशीनने टिंबाटिंबांनी कोरलेलं ताईचं नाव, त्याखाली 'आई-बाबांकडून' आणि तारीख २१-५-९४. ताईच्या लग्नातला डबा. तो आमच्याकडे एप्रिल २०२१ मध्ये आला आणि परत गेला मार्च २०२२ मध्ये, मधल्या अकरा महिन्यांत मी काय केलं तर काहीच नाही, आणि हा लेख त्या काहीच न करण्याबद्दल आहे.

आम्ही राहायला कळव्याला, पारसिक नगरला. मूळचे राहुरीकडचे, बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. (आडनाव ऐकून लोक अजून विचारतात, "तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी आहात ना?" मी आता नुसतं हसतो.) मी रबाळेच्या एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्स बघतो. म्हणजे रोज ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून वाशीची नाही तर पनवेलची गाडी, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. कोणाच्या व्हाउचरला सही नाही, कोणी एकच बिल दोनदा लावलंय, ते मला लांबूनच दिसतं.

२०२० साली लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, ग्रुप एकदम पेटला होता. दिवसाला चाळीस-पन्नास फॉरवर्ड, आणि त्यातलं निम्मं बायबलमधलं एकच वचन, दुसरा इतिहास ७:१४, माझ्या लोकांनी दीन होऊन प्रार्थना केली आणि वाईट मार्गापासून ते वळले तर मी त्यांच्या देशाला बरं करीन. वचन सुंदरच आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ते पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात ते वाईट मार्गावरचे लोक कोण होते हे आम्हाला सगळ्यांना माहिती होतं, ते नेहमी दुसरेच कोणीतरी. झूमवर एका ज्येष्ठ बंधूंनी तर यादीच वाचली, सिनेमावाले, पुढारी, आजकालची पोरं, उघडे कपडे. स्वतःचं नाव यादीत नव्हतं. माझंही नव्हतं, म्हणून मीही आमेन म्हटलं, म्यूटवर.

त्या वर्षी झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा, ५ एप्रिलला होता. सकाळी मोबाइल स्टूलवर टेकवून उपासना, झावळी कुठून आणणार म्हणून पोराने कुंडीतल्या शोभेच्या पामचं पान तोडलं, आणि त्याच रात्री नऊ वाजता सगळ्या बिल्डिंगने लाइट बंद करून नऊ मिनिटं दिवे लावले. आम्हीही लावले. समोरच्या विंगमधल्या आजी रडत होत्या. भीती सगळ्यांना एकसारखीच होती, देव ज्याचा त्याचा.

तर तो शिक्षेचा विषय. येशूला हा प्रश्न सरळ विचारला गेलाय असं नाही, पण त्याच्या जवळपासचा विचारला गेलाय, लूकच्या तेराव्या अध्यायात. काही लोक त्याला बातमी देतात की रोमी सुभेदार पिलाताने गालीलातल्या माणसांना यज्ञ करतानाच मारलं. येशू त्यांच्या मनातलं ओळखतो आणि स्वतःहून दुसरी बातमी काढतो, यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. ती बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? मी सांगतो, नाही. इथवर वाचलं की बरं वाटतं, आणि लगेच पुढचं वाक्य येतं, पण तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही सगळ्यांचा तसाच नाश होईल.

लहानपणापासून हे वाक्य मला कळायचं नाही. एकीकडे म्हणतो ती शिक्षा नव्हती आणि त्याच श्वासात तुमचंही तसंच होईल. मग ४ एप्रिल २०१३ ला आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, शीळ फाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत पडली. सात मजले झाले होते, आठवा चढत होता, ७४ माणसं गेली, त्यात मजूर आणि लहान पोरं बरीच. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत सगळे बोलत होते आणि मी स्वतः, माझ्या तोंडाने, म्हणालो की स्वस्तात मिळतं म्हणून लोक बेकायदेशीर बिल्डिंगमध्ये राहायला जातातच कशाला. म्हणजे तेच. मेलेल्या माणसात काहीतरी दोष शोधायचा म्हणजे आपण जिवंत का आहोत याचं उत्तर मिळतं. समोर बसलेला एक माणूस शांतपणे म्हणाला, "तुमच्या बिल्डिंगची ओसी आहे का?" ओसी म्हणजे इमारत राहण्यालायक असल्याचा पालिकेचा दाखला. नव्हती, तेव्हा नव्हती. येशूने बहुतेक असंच काहीतरी विचारलं होतं. त्यांचं राहू दे, तुझी ओसी दाखव.

आता हक्कसोडपत्र.

बाबा २०१४ ला गेले, आई २०१६ ला. मागे राहुरीजवळ दोन गुंठे आणि त्यावरच्या तीन खोल्या. आम्ही दोघंच भावंडं, ताई मोठी, घणसोलीला असते. ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, त्यात मुलगा-मुलगी असा फरकच नाही, निम्मं तिचं निम्मं माझं, आणि हे मला माहिती होतं, आकड्यांचाच धंदा आहे माझा. आईच्या मातीनंतर महिनाभराने मी ताईला म्हटलं की रेकॉर्डला एकच नाव असलं की कागदपत्रांचा घोळ राहत नाही, तू एक सही कर, पुढचं आपण बघू. ती म्हणाली, "तू सांगतोस तर करते." रजिस्ट्रार ऑफिसला गेलो, स्टॅम्प ड्युटी फक्त दोनशे रुपये. तिने अंगठ्याची शाई पुसायला पदर वापरला ते अजून डोळ्यासमोर आहे. २०१८ ला मी ते घर चौदा लाखांना विकलं आणि कळव्याच्या फ्लॅटच्या कर्जात घातलं. ताईला गावच्या माणसांकडून कळलं. भांडली नाही. तिने फोन करायचं बंद केलं, मीही केलं, आणि बायकोला मी सांगितलं की ताईनेच आपणहून सोडलं.

२०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला झाला. गुरुवारी हिला ताप आला, सोमवारी ऑक्सिजन ८६. एचआरसीटीचा स्कोर पंचवीसपैकी चौदा. बेड मिळायला दीड दिवस गेला, त्या दीड दिवसात मी हिला पालथं झोपवून ऑक्सिमीटरकडे बघत बसलो होतो, ते लाल आकडे अजून स्वप्नात येतात. ॲडमिट झाल्यावर आत सोडत नव्हते. मग रेमडेसिविर. मेडिकलच्या बाहेर रांग, रांगेत सगळ्यांच्या हातात आधारची झेरॉक्स आणि प्रिस्क्रिप्शन, सहा तास उभं राहून नंबर आला तेव्हा संपलं म्हणाले. रात्री साडेअकराला स्कूटरवरून परत येताना कळव्याच्या पुलावर थांबलो, खाडीचा वास, पुलावर कुत्रं नाही, आणि तिथे मी मोठ्याने बोललो, "प्रभू, हिला वाचव. ताईचे सात लाख देऊन टाकतो."

सात म्हणालो. तीन वर्षांचं व्याज धरलं असतं तर नऊच्या आसपास गेलं असतं, पण तशा अवस्थेतही आतला अकाउंटंट जागा होता.

आम्ही म्हणतो की आम्ही नवस करत नाही. तो नवसच होता. आणि खरं सांगू, आमच्या मजल्यावरचे शेजारी नवस करतात तेव्हा तो फेडतात तरी, फेडला नाही तर काय होईल याचा धाक असतो. आमच्याकडे धाकाची सोय नाही, आमच्याकडे कृपा आहे. आणि कृपा म्हणजे माझ्यासारख्याला ओव्हरड्राफ्ट वाटतो, वापरायचा, लिमिट कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराच्या कडीला पिशवी. भाचा खाली बाइकवर, मास्कमधून ओरडला, "मामा, मम्मीने दिलाय, डबा गरम पाण्याने धुवून घ्या." लोकल सगळ्यांना नव्हती तेव्हा, तो घणसोलीहून ठाणे-बेलापूर रोडने विटाव्याच्या पुलाखालून यायचा. मुगाची खिचडी, वर तूप, दुसऱ्या पुडात उकडलेली अंडी. नऊ दिवस. ताईने फोन केला नाही आणि चिठ्ठीही नाही, नुसता डबा. रोज भाचा रिकामा डबा नेत होता आणि दुसरा भरलेला देत होता, शेवटच्या दिवशीचा राहिला तो हा, नाव कोरलेला.

बायको अकराव्या दिवशी घरी आली. तिच्या शेजारच्या बेडवरची बाई नाही आली. तिचा नवरा गेटबाहेर माझ्याच बाकावर बसायचा, वरळीहून यायचा, दिवसभर जपमाळ फिरवायचा, मला अर्धी बिस्किटं द्यायचा. म्हणून मी दिलेल्या वचनामुळे ही वाचली असं कोणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या उपासनेत साक्ष द्यायला उभं केलं तेव्हा मी तेच म्हणालो होतो, देवाने माझी प्रार्थना ऐकली. मग त्याची कुठे गेली? शिलोहाचा बुरूज कोणावर पडला आणि कोणावर नाही यावरून माणसाचा भाव ठरत नाही, हे येशूने एका वाक्यात निकालात काढलंय आणि मी ते माइक हातात घेऊन परत उकरून काढलं. सात लाखांचा उल्लेख अर्थातच साक्षीत नव्हता.

मग ताप उतरला, आणि पश्चात्तापही उतरला. शब्दातच आहे बघा, पश्चात् आणि ताप, मागाहून होणारी आग. आपल्या शब्दात भाजणं आहे. जुन्या कराराच्या हिब्रूत त्यासाठी 'शूव' हे क्रियापद येतं, त्याचा अर्थ नुसता वळणं, परत फिरणं, त्यात ताप-बीप काही नाही, पाय आहेत. कोणी किती रडला हे त्या शब्दाला माहितीच नाही, कोणत्या दिशेला चाललाय एवढंच त्याला कळतं. माझ्या बाबतीत ताप भरपूर झाला होता. पाय जागचे हलले नव्हते.

यात माझा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे फारो, इस्राएली लोकांना गुलाम ठेवणारा मिसरचा राजा. बायबलमधलं निर्गम वाचताना आपण सगळे स्वतःला इस्राएली समजतो, फारो कोणी होत नाही. पण तो माणूस किती ओळखीचा आहे. बेडकांची पीडा येते, बिछान्यात बेडूक, भट्टीत बेडूक, कणीक मळायच्या परातीत बेडूक. तो मोशेला बोलावतो, देवाला सांग बेडूक घालव म्हणतो. मोशे विचारतो, कधी घालवू? आणि फारो म्हणतो, उद्या. उद्या! घरात कणकेत बेडूक आहेत आणि हा म्हणतो उद्या. आमच्या पाळकसाहेबांनी यावर एकदा अख्खं प्रवचन दिलं होतं, तेव्हा मी सगळ्यात जास्त हसलो होतो. पुढे गारा पडतात तेव्हा तर तो स्पष्ट म्हणतो, मी पाप केलंय, परमेश्वर न्यायी आहे. शब्द बिनचूक, दावीद राजालाही इतकं स्वच्छ जमलं नसतं. गारा थांबल्या आणि मन पुन्हा घट्ट. विसावा मिळाल्याचं दिसलं की झालं, बेडकांच्या वेळी असंच लिहिलंय.

माझे 'उद्या' असे होते: ऑगस्टमध्ये हॉस्पिटलची बिलं, सप्टेंबरमध्ये पोराची इंजिनीअरिंगची फी, दिवाळीत बोनस कमी, मग एफडी मोडली तर व्याज जातं, मग ताईला एकदम पैसे दिले तर तिलाच अपमान वाटेल. हे शेवटचं मला फार आवडायचं, त्यात माझा मोठेपणा होता. डबा माळ्यावर होता. डब्याबद्दल पण असंच, नेऊन द्यायचा आहे, रिकामा कसा द्यायचा, जाऊ एकदा.

२०२२ च्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत पाळी माझी होती आणि भाग निघाला लूक तेरावा. शिलोहाचं मी छान सांगितलं, शीळ फाट्याचं पण सांगितलं, ओसीचा किस्सा हमखास चालतो. आणि मग तयारी न केलेला भाग आला, कारण बुरुजाच्या लगेच पुढे अंजिराच्या झाडाची गोष्ट आहे हे मी विसरलो होतो. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक, जागा कशाला अडवतंय. माळी म्हणतो, महाराज, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. मी वाचत होतो आणि 'एवढं वर्ष' म्हटल्यावर माझा आवाज गेला. लोकांना वाटलं मला बायकोचं आजारपण आठवलं. एका काकूंनी पाणी दिलं. मला काय आठवलं ते त्यांना सांगायची सोय नव्हती: एप्रिल यायला तीनच आठवडे होते. वर्ष संपत आलं होतं.

त्या वेळी कोणी आजारी नव्हतं. कोरोना उतरणीला, मास्क हनुवटीवर, पगार वेळेवर. मला कशाचीच भीती नव्हती आणि मागायचंही काही नव्हतं. हे लिहून ठेवतोय कारण मला आधी वाटायचं की देवाकडे माणूस संकटात वळतो. संकटात मी ओरडलो होतो. वळायला मला अकरा महिने लागले.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. हक्कसोडपत्राचं, ताईला काय सांगून सही घेतली ते, पुलावरचं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझा भाव सात लाख." मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाली, "आणि तोही उधारीवर."

दुसऱ्या दिवशी मी हिशोब करायला बसलो, ते मला येतं. लेवीयच्या सहाव्या अध्यायात नियम आहे, कोणाचं फसवून घेतलं असेल तर मुद्दल परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा, ज्याचं त्याला. सात लाख अधिक एक लाख चाळीस, आठ चाळीस. जक्कयने मात्र येशू घरी आल्यावर चौपट देतो म्हटलं होतं, तो जकातदार, उंबराच्या झाडावर चढलेला, माझ्याच लाइनमधला माणूस. चौपट म्हणजे अठ्ठावीस लाख, ते माझ्याच्याने होणार नव्हतं. आणि नुसते पैसे परत केले म्हणजे झालं असंही नाही, येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने तीसच्या तीस नाणी परत केली होती आणि मी पाप केलं असं तोंडाने म्हटलंही होतं, पण तो गेला याजकांकडे, ज्याचं बिघडवलं त्याच्याकडे गेला नाही. येशूला ओळखतच नाही म्हणालेल्या पेत्राने काहीच परत केलं नाही, नुसता रडला, पण पुढे तळ्याकाठी तो येशूच्या समोर बसला आणि 'माझ्यावर प्रेम करतोस का' हा तीनदा विचारलेला तोच प्रश्न त्याने तीनदा ऐकून घेतला. मला समोर बसायचीच भीती होती. चेक कुरिअरने पाठवता येईल का हा विचार माझ्या मनात येऊन गेला हेही कबूल करतो.

एफडी मोडली, पीएफमधून थोडे काढले. शनिवारी निघताना बायकोने डबा माळ्यावरून काढून घासला आणि तिन्ही पुडांत साखर भरली. "रिकामा देऊ नका," म्हणाली. ती आली नाही, तुम्हीच जा म्हणाली.

घणसोलीला ताईने दार उघडलं आणि आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ये. चप्पल आत घे, चोरीला जातात." भाऊजी बाहेर गेले होते. मी पाठ केलेलं सगळं विसरलो, फक्त म्हटलं, "ताई, ती सही मी तुला फसवून घेतली होती." ती म्हणाली, "माहितीये." चेक दिला. तिने चष्मा शोधला, तो फ्रिजवर होता, लावला, आकडा वाचला, अक्षरी वाचला, तारीख बघितली. आम्ही दोघं बाबांचीच पोरं.

"आठ चाळीस कसे काय?"

मी लेवीयचं सांगितलं. पाचवा हिस्सा. तिने मान हलवली, म्हणजे बरोबर आहे अशी. चेक घडी न घालता बायबलमध्ये ठेवला, कुठल्या पानावर ते मला दिसलं नाही. चहा टाकायला उठली. रडली वगैरे नाही, मला वाटलं होतं रडेल, मी रुमालही आणला होता. आतून भांड्याचा आवाज, गॅस पेटल्याचा आवाज, आणि मग तिथूनच,

"भाऊ, आणि आईच्या बांगड्या?"

आईच्या बांगड्या. त्या दवाखान्याच्या बिलात गेल्या असं मी तिला सांगितलं होतं, २०१६ साली, आणि इतक्यांदा सांगितलं होतं की हिशोबाला बसलो तेव्हा मला त्या आठवल्यासुद्धा नाहीत. दवाखान्याचं बिल बाबांच्या पेन्शनच्या साठलेल्या पैशांतून भागलं होतं. बांगड्या मी मोडल्या होत्या, पार्किंगसाठी.

"त्या," मी म्हटलं, "त्या बिलात नव्हत्या गेल्या."

आत थोडा वेळ काही आवाज नाही. मग ती दोन कप घेऊन आली, माझ्या कपात साखर जास्त, लहानपणासारखी.

"दोन तोळ्याच्या होत्या," ताई म्हणाली. "पावणेदोन सांगू नकोस."

मी मोबाइल काढला आणि त्या दिवशीचा सोन्याचा भाव बघायला लागलो.